उम्म रीमचा उजवा हात

ताईचा मेसेज आला तेव्हा मी चिपळूणच्या एसटी स्टँडवर उभी होते. "समोरच्या रीमचं लग्न ठरलंय, अल ऐनला. तू ये. दब्के बघशील, पॅलेस्टाइनच्या लोकांचा नाच. आपल्या बाबांच्या जाखडीसारखाच असतो." पाठोपाठ दुसरा: "सारखा म्हणजे अगदी सारखा नाही. पण सगळं पायाचं काम आहे."

पायाचं काम म्हटल्यावर मी येणार, हे तिला माहीत होतं. ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गणपतीत हा नाच होतो. मध्ये ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, भोवती माणसं रिंगण धरतात, प्रत्येकाच्या एका पायात चाळ म्हणजे घुंगरांचा पट्टा. आमचे बाबा वाडीच्या मंडळात नाचतात. मी शाळेत जायच्या आधी अक्षरं शिकले ती त्यांच्याकडून, अंगणात, राखेत बोट फिरवून. पावलंही तिथेच शिकले. मुलींनी मंडळात नाचायची पद्धत नव्हती, म्हणून माझी पावलं अंगणातच राहिली. दोन्ही शिकवताना बाबा एकच सांगायचे, माहीत नसेल तर विचार, अंदाजानं पाऊल टाकू नको. त्या एका वाक्यानं मी जन्माची धास्तावलेली झाले असावे. विमानतळावर जाईपर्यंत मी पासपोर्ट किती वेळा चाचपला ते रिक्षावालाही सांगेल.

पण या वेळची धास्ती पासपोर्टची नव्हती. रोज रात्री जेवताना टीव्हीवर गाझा बघायचं, आणि त्याच माणसांच्या लग्नात नाच बघायला तिकीट काढायचं, हे बरं आहे का? ताईला विचारलं तर म्हणाली, "तू त्यांच्याकडे लग्नाला येत्येस. नाच बघायला म्हणून येऊ नको हवं तर." हे उत्तर नव्हतं, पण तिकीट काढलं.

कामाचं आधी सांगते. मुंबई ते शारजा थेट विमान तीन तासांच्या आसपास घेतं. नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या टाळल्या तर भाडं आटोक्यात राहतं. व्हिसा दाजींनी तिथल्या एजंटकडून काढला. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. जानेवारी उत्तम, संध्याकाळी चक्क शाल लागते. आणि एक महत्त्वाचं, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लागत नाही. मेसेज जातात, बोललेलं रेकॉर्ड करून पाठवता येतं, पण समोरासमोर बोलणं नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई घाबरते.

ताई अल मजाजला राहते, खालिद लगूनच्या काठच्या उंच इमारतींपैकी एकीत. संध्याकाळी पाण्याच्या कडेनं अर्धं शहर चालायला येतं. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात कराक चहा मिळतो, दीड दिरहमला. "म्हणजे पस्तीस रुपये," ताई दर वेळी मोठ्यांदा म्हणते आणि तरीही दोन घेते. माझी भाची ईरा आठ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. "ईरा, मावशी आवडली का?" "शी इज ओके. शी चेक्स द डोअर अ लॉट."

दाराचं खरं आहे. पण त्या दाराबाहेर समोरचं दार होतं, आणि ते कायम उघडं. तिथे उम्म रीम राहते. उम्म रीम म्हणजे रीमची आई. त्यांच्यात बाईला मुलाच्या नावानंच हाक मारतात, आणि हिला रीम एकटीच. नवरा काही वर्षांपूर्वी गेला. वीसेक वर्षं भारतीय शेजारात काढल्यामुळे ती खाडीदेशातली हिंदी बोलते, क्रियापदं वाचवून. मी आत पाऊल टाकल्याबरोबर तिनं माझ्या हातात लाकडी साचा दिला. खजूर भरलेल्या मामूल नावाच्या बिस्किटांवर नक्षी उठवायचा. "तुम बैठो. तुम दबाओ." आमच्या करंज्यांसारखाच प्रकार, बायका गोल बसून करतात. फरक एवढाच की कोणी बोलत नव्हतं. उम्म रीमचा फोन पिठाच्या परातीला टेकवून उभा होता आणि दर थोड्या वेळानं सगळ्यांची नजर तिकडे जात होती.

रीमनं नंतर जिन्यात सांगितलं. ती शाळेत शिकवते, इंग्रजी सावकाश बोलते. "माझा मामा गाझात आहे. खालिद. आईनं त्याला मेसेज पाठवलेत. सगळ्यांवर एकच टिक आहे. तिसरा आठवडा आहे हा."

एक टिक म्हणजे मेसेज इथून निघाला, तिथे पोचला नाही. आमच्या वाडीत पावसात टॉवर गेला की मीही त्या एका टिकेकडे बघत बसते. पण माझ्या त्या टिकेमागे फक्त पाऊस असतो.

"आणि लग्नात दब्के?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आई म्हणते, नाही. नाच नाही, ढोल नाही. जेवण आणि घरी." रीम कठड्यावर नखानं रेघ ओढत म्हणाली. "आमच्यात ओळीच्या टोकाला जो असतो ना, सगळ्यांना नेणारा, ती जागा माझ्या लग्नात मामाची होती. मी लहान असल्यापासून ठरलेलं. आईला दब्के त्यानंच शिकवला. आईच्या बाबांचं गाव आता नाही. अठ्ठेचाळीस साली त्यांना तिथून निघावं लागलं, ते कोणाच्या तरी खांद्यावर बसून निघाले. घर नाही, विहीर नाही. त्या गावचं पाऊल तेवढं आहे. ते आईला येतं, मामाला येतं, आणि मला थोडंसं."

लग्नात मामा नाही म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

लग्न अल ऐनला होतं, रीमच्या मोठ्या काकांकडे. त्यांना सगळे अम्मो यूसुफ म्हणतात. ताई, दाजी आणि ईरा गुरुवारी येणार होते. रीम आधीच पुढे गेली होती. उम्म रीम मंगळवारी निघाली, आणि मामूलची ताटं मांडीवर धरायला कोणीतरी हवं होतं. मी मोकळी होते.

शारजाहून अल ऐन गाडीनं पावणेदोन तासांवर आहे. दुबईच्या गर्दीला वळसा घालून जाणारा रस्ता घ्या. इमारती संपल्या की वाळू लागते, आधी फिकी, मग पुढे पुढे तांबूस. कुंपणापलीकडे उंट दिसतात आणि मधूनच एखादं घाफचं झाड, कोणी तिथे विसरून गेल्यासारखं. रस्ता इतका सरळ की मला भीती वाटायला लागली, चालवणारीला झोप येईल. म्हणून मी बोलत राहिले. उम्म रीमचा फोन स्टिअरिंगशेजारी अडकवलेला होता आणि नकाशाऐवजी त्यावर भावाचं पान उघडं होतं.

"तुम्हारा पापा डान्स करता?" तिनं विचारलं.

"हो, करतात."

"घर में तकलीफ, तब भी डान्स?"

माहीत असलेलं विचारलं की मला हुरूप येतो. मी अगदी नीट, जबाबदारीनं उत्तर दिलं. "नहीं आंटी. हमारे यहाँ घर में कोई मर जाए, तो सूतक होता है. उस साल पाँव में चाळ नहीं बाँधते."

बरोबर सांगितलं म्हणून मी स्वतःवर खूश झाले. मग गाडीतला आवाज बदलल्यासारखा वाटला. बरंच अंतर गेल्यावर ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली,

"मेरा भाई मरा नहीं."

मांडीवरची ताटं एकदम जड झाली.

"फोन बंद है," ती म्हणाली. "मरा नहीं."

मी किती वेळा सॉरी म्हटलं ते आठवत नाही. शेवटी तिनं एक हात उचलला. "खलास. मामूल सीधा पकड़ो."

अल ऐन शांत शहर आहे. उंच इमारती नाहीत, रस्त्यांना मधे मोठे गोल आणि सगळीकडे झाडी. तिथे जाल तर मध्यवस्तीतल्या खजुराच्या वाडीत नक्की फिरा. आत जायला पैसे पडत नाहीत. मातीच्या भिंतींमधून अरुंद सावलीचे रस्ते आहेत, आणि झाडांच्या मुळाशी पाणी नेणारे दगडी पाट. आमच्या आगरातल्या पाटांची आठवण येते, फक्त इथे माडाऐवजी खजूर. बुधवारी सकाळी मी तिथे गेले, पण शांत बसणं जमलं नाही. एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसत होते. आपण एका बाईच्या भावाला तिच्या तोंडावर मेलेल्यांत धरलं, हे डोक्यातून जात नव्हतं.

शेवटी बाबांना बोलून पाठवलं. सगळं, जसंच्या तसं. वाडीतला फोन, त्यामुळे एक टिक. मी त्या टिकेकडे बघत बसले आणि मग बघायचीच लाज वाटली.

दुपारी बाबांचा आवाज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "अगो, तू काय बोललीस ता तुजा तुला कळला, बरा झाला. पण सुतक मेलेल्याचा आसता. वाट बघण्याला सुतक नसता. ता त्या बाईला सांग."

ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं. पण सांगायचं कसं? हिंदीत? आणि मी एकदा नीट, जबाबदारीनं बोलून काय केलं होतं ते आठवत होतं.

अम्मो यूसुफ शाळेत व्यायाम शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पोट सुटलंय, पण चालताना टाचा जमिनीला कळवून चालतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत नात्यातली आणि ओळखीतली मुलं दब्के शिकायला येतात. बुधवारी संध्याकाळी मीही भिंतीला टेकून बसले. गालिचा गुंडाळून बाजूला, मुलं हात धरून ओळीत, ओळ उजवीकडे सरकते. डावा पाय पुढून ओलांडायचा, उचलायचा, आणि आपटायचा. एक मुलगी मोबाइल बघून आली होती आणि फार सुंदर उड्या मारत होती.

"कुठल्या गावची?" अम्मोंनी तिला विचारलं.

"इंटरनेटच्या," दुसरा कोणीतरी म्हणाला आणि सगळे हसले.

"उडू नकोस, हबीबती," अम्मो म्हणाले. "छप्पर गळतंय, ते चोपायचंय. उडून छप्पर चोपलं जातं का?"

मग मला इंग्रजीत समजावलं. पूर्वी त्यांच्याकडे घरांना मातीची धाब्याची छपरं असायची. पावसाआधी भेगा पडल्या की शेजारीपाजारी वर चढून, हात धरून, पायांनी माती दाबायचे. नाच तिथून आला असं ते सांगतात. हे मी तपासलेलं नाही, ते सांगतात तसं लिहिते आहे. पण आमच्याकडे भात झोडायचं खळं चोपून घट्ट करतात ते मी पाहिलंय, आणि मला ते खोटं वाटलं नाही.

"आमच्याकडून घराच्या किल्ल्या घेतल्या, कागद घेतले," अम्मो म्हणाले. "विमानतळावर माझी बॅग सगळ्या देशांनी उघडलीय. पण पाय? पाय मशिनीत घातले, तरी आत काय आहे दिसत नाही." ते हसले. "मी कुठेही मोर्चा काढत नाही. मी म्हातारा मास्तर आहे. मुलांना पाऊल देतो. पन्नास वर्षांनी कोणी म्हणालं की असं गाव नव्हतंच, तर यांचा पाय म्हणेल, होतं."

दारात उम्म रीम उभी होती. ती कधी आली कोणाला कळलं नव्हतं. ती अरबीत काहीतरी म्हणाली, अम्मोंनी आवाज चढवला, तिनंही चढवला. मुलं ओळीतच थांबली, हात धरलेले. रीम माझ्या कानाशी भाषांतर करत होती.

"काका म्हणतात, आपली लग्नं मुकी झाली तर आपल्याला पुसू बघणाऱ्यांचं काम आपणच पुरं केलं. परवा मुलगी निरोप घेईल आणि एकही पाऊल नाही?"

"आणि आई?"

"आई म्हणते, तिथे गाझात तुमचा भाऊ नाही."

अम्मोंचा भाऊ म्हणजे रीमचे वडील. त्यांची कबर याच देशात आहे. अम्मोंनी गालिचा उलगडायला घेतला आणि मुलांनी चपला शोधल्या.

त्या रात्रीचं जेवण मक्लूबा होतं. भाताचं मोठं पातेलं ताटात उलटं करतात, वर तळलेली वांगी आणि कोंबडी येते. चव उत्तम. मला मात्र प्रत्येक घास मोजूनमापून गिळल्यासारखा वाटत होता. दीर-भावजय ताटाच्या दोन बाजूंना बसले होते आणि मीठ मागायलाही रीमला मध्ये घेत होते.

गुरुवारी ताई आली. मी तिला स्वयंपाकघराच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "सुतक? तुला दुसरं काही सुचलं नाही? पाऊस कसा आहे, असलं काही?"

"तिनं विचारलं म्हणून—"

"तुला कोणी विचारलं की तू परीक्षाच देतेस." मग तिला माझी दया आली. "आज मेंदी आहे. गप्प बस, चहा प्यायचा, हसायचं. यल्ला, चल."

मेंदीचा कार्यक्रम अम्मोंच्या अंगणात होता, मगरिबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर. सिमेंटचं अंगण, भिंतीशी लिंबाचं झाड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बायकांच्या अंगावर काळे, भरतकाम केलेले झगे. प्रत्येक गावचा टाका वेगळा असतो म्हणे. रीमचा लालभडक होता. चहात तुळशीच्या नात्यातला वाटावा असा एक कडवट पाला घालतात. मेंदीची परात मेणबत्त्या लावून आणली. सगळं होत होतं आणि काहीच होत नव्हतं. तरुण मुलांनी कोपऱ्यात एक ढोल आणून ठेवला होता, आणि तो आत नेऊन ठेवायला अम्मोंनी स्वतः सांगितलं. एका म्हातारीनं गाणं धरलं, दुसऱ्या ओळीला कोणी साथ दिली नाही, ती थांबली. ईरा माझ्या मांडीवर येऊन म्हणाली, "व्हेन डज द पार्टी स्टार्ट?"

मी ठरवलं, आत्ता जाऊन बाबांचं वाक्य सांगायचं. वाक्य हिंदीत जुळवलं. उठले. दोन खुर्च्या ओलांडून गेले. उम्म रीम फोनकडे बघत होती. मी "आंटी" म्हटलं.

तिनं वर बघितलं. "बाद में, बेटा."

आणि ती उठली. मला ओलांडून अंगणाच्या मध्ये गेली. अम्मोंना अरबीत काहीतरी म्हणाली, एकच छोटं वाक्य. अम्मोंनी भुवया उंचावून दाराकडे, म्हणजे आतल्या ढोलाकडे बोट केलं. तिनं मान हलवली, नको. मग स्वतःच्या पायांकडे बोट केलं.

फोन तिनं पायरीवर ठेवला, पडद्यावर बोट दाबून वर सरकवलं. बोलणं रेकॉर्ड करायला आपण करतो तसं. चपला काढल्या. डाव्या हातानं रीमला धरलं. रीमला धरायला अम्मो गेले, टोकाला न जाता, तिच्या पलीकडे. मग इतर. ओळ वाढत गेली. गाणं नाही, ढोल नाही. उम्म रीमनं पाऊल उचललं आणि सगळ्यांचे पाय सिमेंटवर एकदम पडले.

तो आवाज मला लिहिता येत नाही. जाखडीत चाळ पाऊल झाकतात, कोण कुठे चुकलं ते घुंगरांत विरघळतं. इथे झाकायला काही नव्हतं. पाऊल पडायचं, मग त्या गावची म्हणून एक थांबण्याची जागा यायची. तेवढ्यात मेणबत्तीची वातही ऐकू येईल असं वाटायचं. आणि पुन्हा पाऊल.

उम्म रीमचा उजवा हात मोकळा होता. तो तिनं खांद्याच्या उंचीवर बाजूला धरला होता, तळवा उघडा.

आमच्या रिंगणाला टोक नसतं. नाचताना कोणाचा हात मोकळा दिसला तर तो बोलावण्याचा हात. बाहेर बसलेल्यानं उठायचं आणि धरायचा, तसंच राहू दिलं तर रिंगण फुटतं. मला वाटलं ती मला बोलावते आहे. गाडीतलं सगळं माफ झालं, असंही वाटलं असेल. लहानपणापासून अंगणात अडकलेले माझे पाय आपोआप उठले. मी धावत गेले आणि तो हात धरला.

हात घामानं ओला होता. तिनं मला झिडकारलं नाही. बोटं मिटली, मला ओळीबरोबर नेलं. पाऊल मला लगेच सापडलं, थांबण्याची जागासुद्धा. मी खूश झाले. मग लक्षात आलं की मागचे आवाज विस्कटलेत. रीम माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. खुर्चीवरून ताई हातानं काहीतरी खुणावत होती. म्हातारीनं तोंडावर ओढणी घेतली होती.

अंगणाचं वळण आलं तेव्हा उम्म रीम माझ्याकडे झुकली. धाप लागलेली, पण आवाज मऊ.

"बेटा," ती म्हणाली, "इधर आदमी है."

एसटीत सीटवर रुमाल टाकून आपण म्हणतो ना, इथे माणूस आहे, येतोय तो. अगदी तसं. वीस वर्षांच्या शेजारातून ते वाक्य तिनं उचललं असणार.

मी हात सोडला. ती थांबली नाही. हात पुन्हा तिथेच, तसाच उघडा. मी ओळीच्या शेपटाकडे पळाले. तिथे ईरा कोणाच्या तरी काकाला धरून उड्या मारत होती. तिनं माझं बोट पकडलं.

"मावशी, यू वेअर इन द राँग प्लेस."

"हो."

"इज शी मॅड?"

"नाही. आता पाय बघ."

नाच बराच वेळ चालला. शेवटी उम्म रीमनं एक पाऊल जास्त जोरानं आपटलं आणि सगळे थांबले. तिनं पायरीवरचा फोन उचलला. आमच्या सगळ्यांच्या पायांचा तो आवाज तिनं भावाला पाठवला. मी जवळच होते, मला दिसलं. एक टिक.

अम्मोंनी तिला पाणी आणून दिलं. ते काहीतरी पुटपुटले आणि ती हसली, त्या तीन दिवसांत पहिल्यांदा. नंतर ताटं आवरताना मी बाबांचं वाक्य शेवटी सांगितलंच, मोडक्या हिंदीत. वाट बघण्याला सुतक नसतं. ती ऐकून म्हणाली, "तुम्हारा पापा अच्छा आदमी." मग, "लेकिन मैं तुम्हारा बात सुनके डान्स नहीं किया. समझा? तुम इतना सोचो मत." मला एवढं हलकं कधीच वाटलं नसेल. अर्थात तासाभरात पुन्हा विचार सुरू झाला, ती खरंच तसं म्हणाली की मला बरं वाटावं म्हणून.

शुक्रवारी हॉलमध्ये लग्नाचं जेवण झालं. बायकांच्या बाजूला फोटो काढायची परवानगी नसते, दारात फोन पिशवीत घालून ठेवतात. कोणी बोलावलं तर हे लक्षात ठेवा. रीम नवऱ्याच्या गाडीत बसली तेव्हा उम्म रीम रडली नाही, ताई रडली.

मला शनिवारी रात्री विमान होतं, आणि ताईचं बिऱ्हाड दोन दिवस तिथेच राहणार होतं, म्हणून मी एकटी बसनं शारजाला परतले. अल ऐनच्या बस स्थानकातून थेट बस मिळते, तिकीट तीसेक दिरहम, म्हणजे साधारण सातशे रुपये. बस स्वच्छ असते आणि कडाक्याची थंड, अंगावर काहीतरी ठेवा. पुढच्या सीटवर गुहागरकडची दोन माणसं निघाली, मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पला चालली होती. मोबाइलवर गणपतीतली जाखडी बघत होती, आवाज बारीक करून. मी विचारलं नाही, पण त्यांचे पाय सीटखाली हलत होते. माझेही.

आता मी घरी आहे. अंगण नुकतं सारवलंय. या पोस्टला फोटो आहेत खजुराच्या वाडीचे, मामूलचे, रस्त्याचे. नाचाचा व्हिडिओ मागाल, म्हणून आधीच सांगते, काढलेला नाही. त्या संध्याकाळचं जे काही टिपलं गेलं ते फक्त आवाजात आहे, आणि ते ज्याच्यासाठी होतं त्याला पाठवलेलं आहे.

बाबांनी पाऊल करून दाखव म्हटलं. दाखवलं. थांबण्याच्या जागी ते पुढे गेले, मी थांबले. "हयसर कित्या थांबतंस?" "इथे थांबतात, बाबा. त्यांच्या गावात." ते पुन्हा सुरुवातीपासून आले. तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं.

आणि काल रीमचा मेसेज आला. शब्द नाहीत, आईच्या फोनचा नुसता फोटो. पायांच्या आवाजाचा तो मेसेज, आणि त्याखाली दोन टिक. निळ्या नाहीत, करड्या. ऐकलं कोणी, की फोन नुसता कुठेतरी कोणाच्या तरी हातात सुरू झाला, ते कळत नाही. मी रीमला उलट काय विचारावं हे दोनदा लिहून पुसलं.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"म्हणजे त्या बाईन तो हात अजून तसोच उघडो धरलोलो आसात," ते म्हणाले.